लांबच्या सर्व्हरचं बूट सेटिंग करताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मला एकाच जातीचे फोन येतात. "लाईट गेलती, आली, पण सर्व्हर काय वर येईना." कुठं बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री, कुठं चिकोडीकडचा कारखाना, कुठं खानापुरातली पतसंस्था. आणि बहुतेक वेळा हार्डवेअर गेलेलं नसतंयच, कुणीतरी चार महिन्यांमागं बूटच्या, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं त्या सेटिंगमध्ये हात घालून तसंच सोडलेलं असतंय. बूटची चूक केली त्या दिवशी दिसत नाही हो, ती पुढच्या रिस्टार्टला दिसते, आणि तो रिस्टार्ट तुमच्या सोयीनं होत नाही, मान्सूनच्या सोयीनं होतोय.

आता सर्व्हरमध्ये बीएमसी असते, म्हणजे मेन मशीन बंद असलं तरी जागा राहणारा छोटा वेगळा कॉम्प्युटर. डेलवाले त्याला आयडीरॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ, बाकीच्यांकडं नुसतं आयपीएमआय, जे खरं तर बीएमसीशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचं नाव. घरी बसून पॉवर ऑन-ऑफ करता येतं, बूट डिव्हाइस बदलता येतं. सोय चांगली आहे, पण त्यामुळंच नवीन पोरं कमांड मारतात आणि पुढच्या कामाला लागतात. काय लागलं ते परत बघायचं नाव नाही.

पीएक्सई कायमचं लावून ठेवणं

पीएक्सई म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होणं. ते कायमचं लावणं ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

बूट डिव्हाइस दोन तऱ्हांनी बदलता येतं, फक्त पुढच्या एका बूटपुरतं नाहीतर कायमचं. आयपीएमआयटूल या कमांडमध्ये 'चॅसिस बूटडेव्ह पीएक्सई' एवढंच दिलं तर ते एकदाच लागतंय, पुढं 'ऑप्शन्स इक्वल टू पर्सिस्टंट' जोडलं की कायमचं. रेडफिशमध्ये, म्हणजे बीएमसीशी बोलायच्या नव्या पद्धतीत, तेच 'वन्स' आणि 'कंटिन्युअस'. एकदाचं लावल्यावर कधीकधी मशीन ऐकत नाही, आणि मग पोरं का ऐकलं नाही ते न शोधता सरळ पर्सिस्टंट ठोकून मोकळी होतात.

निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत असंच झालं. सर्व्हर नवीन बसवला होता आणि बसवणाऱ्या पोरानं तिथंच एका जुन्या डेस्कटॉपवर पीएक्सई आणि ऑटोमॅटिक इन्स्टॉल मांडून ठेवलं होतं. नेटवर्कवरून बूट झालं की काही न विचारता सगळ्या डिस्क पुसायच्या आणि लिनक्स घालायचं. सर्व्हरला पीएक्सई पर्सिस्टंट लावलं. इन्स्टॉल झालं, रिस्टार्ट झाला आणि परत इन्स्टॉल सुरू! पर्सिस्टंट असल्यावर दुसरं काय होणार. यावर त्या पठ्ठ्यानं इलाज काय केला, तर डेस्कटॉपच बंद केला. आता सर्व्हर पीएक्सई शोधायचा, कुणी उत्तर द्यायचं नाही, थोडा वेळ थांबून डिस्कवरून वर यायचा. "जरा स्लो बूट होतंय, चालतंय की," म्हणून काम हँडओव्हर.

कितीतरी महिने काही झालं नाही. मग वखारीत दुसरं एक मशीन आलं, ते इन्स्टॉल करायला तोच डेस्कटॉप चालू केला, आणि काम झाल्यावर कुणी बंद केला नाही. जूनमध्ये एका रात्री लाईट गेली, यूपीएस उतरला, पहाटे लाईट आली. सर्व्हर उठला, पीएक्सई शोधलं, या वेळी उत्तर मिळालं, आणि सकाळी आठला ऑफिस उघडलं तेव्हा लॉगिन स्क्रीन अगदी नवी कोरी होती. टॅलीचा डेटा, वजनकाट्याच्या पावत्या, आणि त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर ठेवलेला बॅकअप, सगळं साफ. वाचवलं कुणी, तर दिवाणजींनी. जुन्या वळणाचा माणूस, रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन खिशात टाकून घरी न्यायचा. आमच्यातले लोक त्याला हसायचे. वजनकाट्याच्या पावत्या मात्र गेल्या त्या गेल्याच, हंगामाचा हिशेब कागदावरून परत मांडला.

माझी सवय सांगतो. पर्सिस्टंट मी वापरतच नाही. काम झालं की 'चॅसिस बूटडेव्ह नन' मारतो आणि मग 'चॅसिस बूटपॅरम गेट ५' देऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. त्यात सरळ लिहिलेलं येतं, सेटिंग फक्त पुढच्या बूटला लागू आहे का सगळ्या बूटना. आणि पीएक्सईच्या मेनूत डिफॉल्ट एंट्री कायम 'लोकल डिस्कवरून बूट कर' हीच ठेवायची, इन्स्टॉल हातानं निवडायचं. "मग ऑटोमॅटिक कसलं?" असं विचारणाऱ्यांना मी निपाणीला पाठवतो.

एकदाचं लावलं तर लागत का नाही?

याचं कारण बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतंय.

पहिलं म्हणजे साठ सेकंद. आयपीएमआयच्या नियमात असं आहे की बूट डिव्हाइस सेट केल्यावर साठ सेकंदांत पॉवरची कमांड आली नाही तर बीएमसी ते सेटिंग आपोआप रद्द करू शकते. तुम्ही बूटडेव्ह मारता, मग चहा घेता, मग एसएसएचनं (लांबून लॉगिन करून) आत जाऊन निवांत रिबूट देता. तोवर ते कधीच गेलेलं असतंय. दोन्ही कमांड एकापाठोपाठ द्या, विषय संपला.

दुसरं जास्त त्रासाचं. आयपीएमआयटूलला नुसतं बूटडेव्ह पीएक्सई दिलं की ते लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीचं, बूट मागतं. सर्व्हर यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, चालत असेल तर ऑप्शन्समध्ये 'ईएफआयबूट' लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर काही मशीन ते सरळ सोडून देतात, आणि काही खरंच लेगसीत बूट होतात, मग इन्स्टॉलर लेगसी पद्धतीनं लिनक्स घालतो, आणि पुढच्या वेळी मशीन परत यूईएफआयमध्ये उठून म्हणतंय बूट डिव्हाइस सापडत नाही. मग बिचाऱ्या डिस्कला शिव्या, कंपनीकडं बदलायला पाठवणं, नवीन डिस्क, परत तेच. चालू लिनक्समध्ये 'सिस, फर्मवेअर'च्या खाली 'ईएफआय' नावाचं फोल्डर आहे का बघा, असेल तर मशीन यूईएफआयमध्ये बूट झालंय. दहा सेकंदाचं काम आहे हे, पण करतंय कोण.

लिनक्स चालू असेल तर मी बीएमसीच्या वाटेला न जाता ईएफआयबूटएमजीआर ही कमांड वापरतो, ती यूईएफआयचा बूट क्रम बदलते. त्यात 'एन'नं फक्त पुढचं बूट ठरतं आणि 'ओ'नं कायमचा क्रम. नवशिक्यांनी 'ओ'ला हात लावू नये. नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) लांबून तपासायचा असला तर ग्रब या बूट मेनूची ग्रब-रिबूट कमांड हेच करते, एकदा नव्यावर, पुढच्या वेळी परत जुन्यावर. पण त्यासाठी ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट 'सेव्हड' असायला लागतंय.

स्क्रीन काळी, म्हणजे मशीन मेलं?

नाही. सिरिअल ओव्हर लॅनवर, म्हणजे बीएमसीतून लांबून दिसणाऱ्या अक्षरी स्क्रीनवर, काही दिसत नाही म्हणून पॉवर सायकल मारणारे लोक मी बघितलेत, आणि आत फाइल सिस्टीम चेक चालू होता. कर्नलला कन्सोल (मेसेज दाखवायची जागा) द्यायचे दोन, टीटीवाय-झिरो म्हणजे समोरची स्क्रीन, आणि सिरिअलचा, आणि सिरिअल शेवटी लिहायचा, कारण सर्व्हिसचे मेसेज शेवटी लिहिलेल्या कन्सोलवर येतात. सिरिअल पोर्ट काही सर्व्हरवर एस-झिरो असतो, काहींवर एस-वन, नेटवरून कॉपी-पेस्ट करू नका. स्पीड बायोसमध्ये, बीएमसीमध्ये आणि कर्नलमध्ये तिन्हीकडं एकच पाहिजे, मी ११५२०० ठेवतो. ग्रबलाही सिरिअल टर्मिनल सांगा आणि मेनूचा टाइमआउट शून्य ठेवू नका. काही सेकंद वाचवून कुठला किल्ला जिंकणार? मी दहा ठेवतो.

सिरिअलमधून बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब दाबतात, पण तुम्ही एसएसएचमधून गेला असाल तर त्यानं एसएसएचच तुटतं. तिथं टिल्ड दोनदा.

बाकीच्या, थोडक्यात

घरच्या नेटवरून व्हर्च्युअल मीडियावर (बीएमसीतून लांबून जोडलेल्या सीडीवर) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, लावू नका. लॅपटॉप झोपला की इन्स्टॉल अर्ध्यात लटकलं. आयएसओ त्याच साइटवरच्या मशीनवर ठेवा.

लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं असं वाटत असेल तर पॉवर पॉलिसी तपासा, कित्येक ठिकाणी ती 'ऑफ'च असते.

यूएसबी बॅकअप डिस्क एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) लिहिली तर 'नोफेल' लिहा. नाहीतर कुणी ती डिस्क काढून नेली की मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये बसतंय, आणि तुम्ही बसमध्ये.

मदरबोर्डवरचा सेल, सीआर २०३२, जुन्या मशीनचा बदला. तो संपला की काही बोर्ड लाईट गेल्यावर बायोस डिफॉल्टवर आणतात, म्हणजे तुमचा सगळा क्रम गेला.

बीएमसी उघड्या इंटरनेटवर अजिबात नको. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिनच्या वेळीच पासवर्डचा हॅश, ज्यावरून पासवर्ड ओळखता येऊ शकतो, समोरच्याच्या हातात पडतो, ती त्या प्रोटोकॉलचीच भानगड आहे, पॅच करून जात नाही. व्हीपीएन लावा.

आणि साइटवरच्या माणसाला तयार ठेवा. गोकाककडचा वॉचमन, त्याला मराठी जेमतेम, मला कन्नड जेमतेम, "स्क्रीनम्याल एन ऐतरी?" (स्क्रीनवर काय आहे?) म्हणत म्हणत आम्ही रात्री बूट मेनूपर्यंत पोचलोय. तेव्हापासून प्रत्येक सर्व्हरवर मी लॅमिनेट केलेला कागद चिकटवतो, मराठीत आणि कन्नडमध्ये, बूट मेनूला कुठलं बटण, बहुतेक ठिकाणी एफ ११, सेटअपला डेलवर एफ २, एचपीवर एफ ९, आणि फोन कुणाला करायचा. त्याच कागदावर बीएमसीचा पासवर्ड लिहू नका मात्र. बघितलंय तेही, मार्करनं, ठळक अक्षरात.