मेनफ्रेमसाठी लिनक्स : लॅपटॉपवरची पूर्वतयारी

नांदेडला किंवा लातूरला बसून मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्था वापरतात त्या महासंगणकासारख्या मोठ्या यंत्रावर, लिनक्स चालवून पाहायचे असेल, तर खरे यंत्र लागत नाही. क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही एस३९०एक्स यंत्राची (म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमची) नक्कल उभी करते. त्यात डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची एस३९०एक्स आवृत्ती बसवून आपला प्रोग्राम तिथेच कंपाइल करावा. हे काम फार सावकाश चालते, म्हणून रात्री लावून ठेवावे. आमच्याकडे विजेचा नेम नसल्याने लॅपटॉपची बॅटरी तेवढी धड असावी.

प्रोग्राम मेनफ्रेमवर नीट चालवण्यात खरी मेहनत बाइटांच्या क्रमाची आहे. १२३४५६७८ ही षोडशमान संख्या इंटेलच्या मेमरीत ७८ ५६ ३४ १२ अशी, तर मेनफ्रेमवर १२ ३४ ५६ ७८ अशी साठते; त्यामुळे फाइलमधले बाइट जसेच्या तसे पूर्णांकात ओतणारा कोड आधी शोधावा आणि तिथे क्रम स्पष्ट ठरवणारी फंक्शने घालावीत.