गावाला बस मागायचीय? मग आधी गाडी कशी ठरते ते बघून घ्या

आमच्या गावातनं पहिलं निवेदन गेलं तेव्हा आम्ही हौसेनं लिहिलेलं, "नवीन, मोठी, लो-फ्लोर एसी बस मिळावी." डेपोतल्या माणसानं वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, तुमच्या वेशीजवळच्या मोरीवरनं ती जाईल काय? नाही जाणार, पोट घासतंय. चूक आमचीच, तेवढी तुम्ही करू नका.

पहिलं म्हणजे गाडी घेतं कोण ते बघा. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन्ही विभाग वायव्य कर्नाटक परिवहनमध्ये येतात, 1997 ला वेगळं झालेलं महामंडळ, हेडऑफिस हुबळीला. डेपो मॅनेजर गाडी विकत घेत नाही, त्याच्याकडनं वर जातं ते फक्त शेड्यूल, म्हणजे एका गाडीच्या ठरलेल्या फेऱ्यांचं वेळापत्रक, किती आणि मोडीत गाड्या किती निघणार. 1 एप्रिल 2023 पासनं 15 वर्षं झालेल्या सरकारी गाडीचं रजिस्ट्रेशन पुढं चालत नाही, महामंडळाच्या बसपण त्यातच, म्हणजे नवीन गाड्यातल्या बऱ्याचशा जुन्यांच्या जागी जातात, नवीन गावाला नाही. म्हणून डेपोला "बस घ्या" म्हणून उपयोग नाही, "ह्या वेळेला अशा प्रकारची फेरी द्या" म्हणा, आणि एक कॉपी विभागीय नियंत्रकांना.

आता टेप घ्या आणि रस्त्यावर जा. मोठी बस 12 मीटर लांब, अडीच मीटरच्या आसपास रुंद. लो-फ्लोर म्हणजे आतली जमीन रस्त्यापासनं साधारण 400 मिलिमीटरवर, सेमी लो-फ्लोर 650, आणि आपल्याकडची खेड्यातली गाडी त्याहून बरीच उंच. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात एकदा जाऊन या, मग कळतंय उंच गाडी का लागते. पण त्याची किंमत कोण देतंय तेपण बघा: बाजाराला निघालेली आजी आधी भाजीची पाटी कंडक्टरच्या हातात देते, मग गुडघ्यावर हात रोवून दांडीला लोंबकळत पहिली पायरी चढते, आणि मागं दहा माणसं थांबलेली. लो-फ्लोर जात नसेल तर निदान खालची पायरी कमी उंचीची आणि दांडी हातात बसेल अशी पाहिजे हे मागता येतं, कुणी मागत नाही ही गोष्ट वेगळी.

"मग लहान बस द्या" असंपण म्हणतात लोक. अहो, 9 मीटरच्या मिडीलापण ड्रायव्हर एक, कंडक्टर एक, पगार तेवढाच, सीटा मात्र कमी. वळण अगदीच अवघड असेल तरच लहान मागा.

महामंडळ बघतं ते किलोमीटरमागं उत्पन्न किती आणि खर्च किती. 11 जून 2023 पासनं शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये फुकट आहे, पण शून्य रुपयांचं तिकीट घ्यायलाच पाहिजे, कारण त्यावरच सरकारकडनं पैसे मागता येतात आणि तुमच्या फेरीला गर्दी आहे हे कागदावर दिसतं. वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, गेलेलं माणूस कुठंच मोजलं जात नाही. आणि आपल्या सीमाभागातली गोम अशी की आंतरराज्य गाडीत शक्ती चालत नाही, कर्नाटकातच उतरलं तरी. तेव्हा बायका निपाणीपर्यंतच जात असतील तर कोल्हापूरची गाडी मागू नका, लोकल मागा.

गाड्यांची खरेदी होते ती कर्नाटकच्या 1999 च्या सरकारी खरेदीतल्या पारदर्शकता कायद्याखाली, टेंडरनं. मोठ्या खरेदीला दोन लिफाफे, आधी टेक्निकल, त्यात पास झाला तरच दराचा उघडतात, मग सगळ्यात कमी दराचा जिंकतो. म्हणजे खरा निकाल स्पेसिफिकेशनमध्येच लागलेला असतो, दारं किती, सीटा किती, इंजिन पुढं का मागं, पायरी किती उंच. बऱ्याचदा चॅसी एकाकडनं आणि बॉडी दुसऱ्याकडनं बांधून घेतात. शिवाय डेपोत ज्या कंपनीच्या गाड्या जास्त, त्याच कंपनीची आणखी एक आली तर मेकॅनिकला सोपं, स्पेअर कपाटात असतात; वेगळी एकच आली की एका फिल्टरसाठी आठवडा उभी.

इलेक्ट्रिक बसचं गणित वेगळंच. त्या बहुतेक विकत घेतच नाहीत, कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, कंडक्टर महामंडळाचा, आणि ठरलेले किलोमीटर धावो न धावो पैसे मोजायचे. म्हणून त्या शहरात आणि लांब पळणाऱ्या रूटवर जातात, दिवसाला चार फेऱ्यांच्या गावाला इतक्यात कोण देतंय.

आकडे पाहिजेत तर माहिती अधिकारात 10 रुपये फी भरून मागा. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, तेव्हा रामायण लिहू नका. शेड्यूल नंबर टाका, सहा महिन्यांचं किलोमीटरमागं उत्पन्न आणि गाडीचा प्रकार विचारा. उत्तर कन्नडमधनं येतंय, वाचणारं पोरगं आधीच हाताशी ठेवा.

आमच्या दुसऱ्या निवेदनातनं एसी गेली. त्याजागी मोरीची रुंदी, हायस्कूलला जाणारी पोरं किती, बाजाराचा वार कुठला आणि पायरीची उंची, सगळं एका पानात. ह्यावेळी डेपोतल्या माणसानं चष्मा खालीच ठेवला आणि मोरीचा फोटो आहे काय म्हणून विचारलं.