कुंडीतल्या मिरची-टोमॅटोला खत देताना या चुका टाळा

ठाण्यात गणपतीनंतर रोप लावले की दिवाळीच्या सुमारास मिरची फुलावर येते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी खताच्या पुड्या उघडल्या जातात. माझ्या गॅलरीतले सर्वांत सशक्त झाड मी याच दिवसांत गमावले. घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सरीतून १९:१९:१९ ची, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असलेल्या विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खताची पुडी आणली होती, पाकिटावर लिटरला ५ ग्रॅम असे वाचले होते आणि चमचा शीग लावून भरला होता. चौथ्या दिवशी पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी होऊन आत वळल्या, आणि आठवड्याने मातीवर मिठासारखा पांढरा थर दिसू लागला. पाकिटावरचा तो आकडा शेतातल्या फवारणीसाठी होता. पानांवरून उडून जाणारी तुषारभर मात्रा मी दहा लिटरच्या बंद भांड्यातल्या मुळांना पाजली होती.

मात्रेचा अंदाज चुकण्याचे कारण समजायला शेतातला हिशेब उपयोगी पडतो. बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस केली जाते. रोपे ६० बाय ६० सेंटिमीटरवर लावली तर हेक्टरी सुमारे २७,७७८ झाडे बसतात, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला संपूर्ण हंगामात साडेतीन ग्रॅमच्या आसपास नत्र येते, आणि तेही शेतकरी एकदम न देता हप्त्याहप्त्याने देतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. चहाचा एक सपाट चमचा युरिया साधारण ४ ग्रॅम धरला तरी त्यातून १.८ ग्रॅमहून थोडे अधिक नत्र जाते, म्हणजे हंगामाचा अर्धा शिधा एका संध्याकाळी. कुंडीतून पाण्याबरोबर खत वाहून जाते, त्यामुळे तिथे थोडे अधिक द्यावे लागते हे खरे. परंतु ते वारंवार आणि पातळ द्यायचे असते. विद्राव्य खताची मात्रा कुंडीसाठी लिटरला १ ग्रॅम ठेवावी, दहा-पंधरा दिवसांनी एकदा द्यावी, आणि अंदाजावर न विसंबता छोटा वजनकाटा घ्यावा. आणखी एक गोष्ट कोरड्या मातीची: पाणी न मिळालेल्या कुंडीत खताचे द्रावण कधीही ओतू नये. आधी साधे पाणी, तासाभराने खत.

पिवळे पान पाहून पुडी उघडू नका

पान पिवळे पडले की खत कमी पडले, हा समज इतका पक्का आहे की नर्सरीत गेल्यावर तिथले काकासुद्धा रोप न पाहताच पुडी काढून देतात. खरे तर पान कोणते आहे, जुने की नवे, हा पहिला प्रश्न असतो. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरणारी द्रव्ये आहेत. ती कमी पडली की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून वरच्या कोवळ्या शेंड्याला देते. म्हणून नत्राच्या तुटीत खालची पाने शिरांसकट एकसारखी फिकट होतात, मॅग्नेशियमच्या तुटीत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, आणि पालाशच्या तुटीत जुन्या पानांच्या कडा करपतात. याउलट लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथेच राहतात, त्यामुळे त्यांची तूट शेंड्याकडे दिसते: लोह कमी असेल तर सर्वांत नवे पान पिवळे आणि त्यावरची शिरांची जाळी हिरवी, कॅल्शियम कमी असेल तर नवे पान वेडेवाकडे. एवढे एक वळण ध्यानात ठेवले तर निम्म्या पुड्या न घेताच भागते.

मिरचीच्या बाबतीत मात्र शेंड्याची पाने वर किंवा खाली वाटीसारखी वळली, लहान राहिली आणि गुच्छ झाला, तर तिथे खताचा विषय संपतो. हा चुरडामुरडा, ज्याला आपल्याकडे बोकड्याही म्हणतात. त्यामागे फुलकिडे, कोळी नावाची सूक्ष्म कीड किंवा पांढऱ्या माशीतून आलेला विषाणू असतो. पानाची मागची बाजू भिंगाने पाहिल्याशिवाय अशा झाडाला काहीही पाजू नये, कारण जास्तीच्या नत्राने आलेली लुसलुशीत पालवी या किडींना अधिकच आवडते.

पिवळेपणाचे आणखी एक कारण ठाण्यात सर्वाधिक आढळते आणि सर्वांत कमी ओळखले जाते, ते म्हणजे पाण्यात गुदमरलेली मुळे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी तुंबलेले असते, भोकावर माती बसलेली असते, मुळांना हवा मिळत नाही आणि खत असूनही ती उचलू शकत नाहीत. दिसायला हे चित्र हुबेहूब नत्राच्या तुटीसारखे असते. बोट दोन इंच आत घालून पाहावे. माती ओली असताना पाने मलूल असतील तर कुंडी हलकेच उलटी करून मुळे पाहावीत. पांढरी मुळे ठीक. तपकिरी, लिबलिबीत आणि कुजका वास येणारी मुळे दिसली तर खत बंद, ताटली काढून टाकावी.

पाऊस, टँकर आणि कोकोपीट

आपल्याकडे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उघड्या गच्चीवरच्या कुंडीत जुलैमध्ये टाकलेले नत्र दुसऱ्या दिवशी पन्हाळीतून वाहत असते, म्हणून झडीच्या दिवसांत विद्राव्य खत देणे म्हणजे पैसे गटारात सोडणे. त्या काळात मूठभर गांडूळखत किंवा निंबोळी पेंड मातीत मिसळून ठेवावी आणि उघडीप मिळाल्यावर निम्म्या मात्रेने सुरुवात करावी. छज्जाखालच्या गॅलरीत मात्र पावसाचा थेंबही पोहोचत नाही, तिथे हा नियम लावून झाड उपाशी ठेवू नये.

पाण्याचा स्वभावही पाहावा लागतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी येते तिथे प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण उन्हाळ्यात सोसायटीला टँकर किंवा बोअरवेलचे पाणी सुरू झाले, आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटू लागली, की त्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) वर सरकतो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी युरिया वाढवून उपयोग नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह, अल्प प्रमाणात द्यावे. खाडीलगतच्या बोअरवेलचे पाणी जिभेला मचूळ लागत असेल तर ते कुंड्यांना अजिबात घालू नये.

कोकोपीटविषयीचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाविषयीचा, गैरसमज वेगळा आहे. ते हलके असते आणि पाणी धरून ठेवते, परंतु त्यात झाडाला पुरेल असे अन्न जवळजवळ नसते. शिवाय बाजारात ते दाबलेल्या विटेच्या रूपात मिळते, त्या न धुतलेल्या विटेत सोडियम आणि पालाशचे क्षार असतात आणि ती आपण दिलेले कॅल्शियम स्वतःच पकडून ठेवते. वीट फुलवून तीन वेळा पाणी बदलावे, जमल्यास शेवटच्या पाण्यात थोडे कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवावे, आणि मगच माती व शेणखतात मिसळावे.

स्वयंपाकघरातून आलेली खते

केळीच्या सालीचे पाणी, कांद्याच्या सालीचे पाणी, ताक, अंड्याचे कवच: यांपैकी काहीही विष नाही, पण खताचा पर्याय म्हणूनही काही उपयोगाचे नाही. अंड्याचे कवच विरघळायला महिनोन्‌महिने लागतात. दूध-साखरेसकट चहाचा चोथा टाकला तर मुंग्या आणि चिलटे हमखास येतात. तो धुऊन कंपोस्टमध्ये घालावा. ओले शेण कुंडीत थेट घालू नये, कारण कुजताना त्यातून उष्णता आणि अमोनिया सुटतो. शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड उत्तम असते, परंतु ती चार दिवस भिजवून दहापट पाण्यात पातळ करून द्यावी. कोरडी भुकटी वर पसरली की बुरशी येते, घुशी माती उकरतात, आणि भिजवलेल्या पेंडीच्या वासाने खालच्या मजल्यावरच्या काकू इंटरकॉमवर विचारणा करतात, हे स्वानुभवाने सांगतो.

फुले गळणे आणि टोमॅटोचे बूड काळे होणे

टोमॅटोचे बूड काळे, चामड्यासारखे झाले की एप्सम सॉल्ट घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो उलटा आहे. ही कॅल्शियमची तूट असते. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असते आणि ते शोषणात कॅल्शियमशीच स्पर्धा करते. बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतेच, पण ते पाण्याबरोबर फळापर्यंत जाते; तीन दिवस कोरडी आणि चौथ्या दिवशी चिंब अशी कुंडी असेल तर ते पोहोचत नाही. आधी पाणी नियमित करावे. तरीही गरज भासली तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम द्यावे, मात्र त्याचे दाट द्रावण एप्सम सॉल्ट किंवा स्फुरदयुक्त १२:६१:० सोबत एकाच डब्यात कालवू नये, कारण पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही खते वाया जातात.

फुले गळत असतील आणि पाने गर्द हिरवी, जाड, खाली वाकलेली असतील तर नत्र जास्त झाले आहे. ते थांबवून फुलोऱ्यात नत्र नसलेल्या ०:५२:३४ कडे वळावे. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोची फुले गळतात ती उन्हाने, तिथे कोणतीही पुडी चालत नाही.

खत जास्त झालेच तर

त्याच दिवशी कुंडी न्हाणीघरात न्यावी आणि तिच्या मापाच्या तिप्पट साधे पाणी, म्हणजे दहा लिटरच्या कुंडीतून तीस लिटर, थांबून थांबून सोडावे. खालून येणारे पाणी आधी तपकिरी आणि मग निवळ होत जाते. कुंडी तीन-चार दिवस सावलीत ठेवावी आणि दोन-तीन आठवडे काहीही देऊ नये. जळलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, पण ती सर्व खुडूही नयेत. उरलेल्या हिरव्या भागावरच झाड जगत असते. सुधारणा पाहायची ती शेंड्याच्या नव्या पानात, आणि ती दिसल्यावर लिटरला पाव ग्रॅमपासून सुरुवात करावी.

उरलेल्या पुड्यांचीही काळजी घ्यावी लागते. आपल्या जुलैच्या दमट हवेत १९:१९:१९ ची ढेकळे होतात आणि उघड्या पिशवीतले कॅल्शियम नायट्रेट अक्षरशः पाणी होऊन फरशीवर पसरते. ओल धरलेल्या खताचे वजन खरे येत नाही, त्यामुळे काट्यावर १ ग्रॅम मोजूनही मात्रा चुकते. घट्ट झाकणाची बरणी, आत तांदळाची लहान पुरचुंडी, बाहेर नाव आणि तारखेची चिठ्ठी. आणि ती स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीपासून दूर, कुलपात.