सीआरएमला इंटरनेट फोन जोडताना: आधी लाइन, मग नंबर, मग नोंदी

सीआरएमला, म्हणजे ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, इंटरनेट फोन जोडला की तीन गोष्टी व्हायला हव्यात. ग्राहकाचा फोन आला की त्याची माहिती स्क्रीनवर उघडावी, सीआरएममधल्या नंबरवर क्लिक करताच फोन लागावा आणि प्रत्येक कॉलची नोंद आपोआप त्या ग्राहकाच्या नावावर पडावी. डेमोमध्ये पहिलीच गोष्ट दाखवतात, कारण ती दिसायला झकास असते. रोजच्या कामात तिसरी जास्त उपयोगी पडते आणि बिघडतेही तीच.

आधी नुसता फोन नीट चालू द्या

लाइन खराब असताना सॉफ्टवेअर जोडलं की दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही. जी.७११ कोडेकच्या (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) एका कॉलला इथरनेटवर हेडर धरून प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात. एकाच वेळी दहा कॉल चालणार असतील तर दोन्ही दिशांना १ एमबीपीएस फक्त आवाजासाठी मोकळा ठेवा. कमी पडतो तो बहुतेक वेळा अपलोड. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट गळती (वाटेत हरवणारे आवाजाचे तुकडे) १ टक्क्याच्या खाली असावी. स्पीड टेस्ट उत्तम येते आणि तरीही दुपारी आवाज तुटतो, तेव्हा कुणाचा तरी बॅकअप अपलोड होतोय का ते बघा. राउटरवर आवाजाच्या पॅकेटना, म्हणजे डीएससीपी ४६ अशी खूण असलेल्या पॅकेटना, अपलोडमध्ये प्राधान्य दिलं की हा त्रास बराच कमी होतो.

एका बाजूचाच आवाज येत असेल तर कारण जवळजवळ नेहमी नॅट, म्हणजे राउटरनं ऑफिसमधले खाजगी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं, हे असतं. कॉल जुळवणाऱ्या एसआयपी संदेशात ऑफिसमधला खाजगी आयपी पत्ता जातो आणि समोरची बाजू आवाज त्या पत्त्यावर पाठवत बसते. राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ बंद करा. ते मदतीसाठी दिलेलं असलं तरी बऱ्याच राउटरांवर संदेश बिघडवतं. स्वतःचं अ‍ॅस्टेरिस्क (फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर त्याला बाहेरचा आयपी पत्ता आणि आतलं नेटवर्क दोन्ही सांगा. आवाजाचे यूडीपी पोर्टही फायरवॉलमध्ये उघडा. मूळ सेटिंगमध्ये ते बहुधा १०००० ते २०००० असतात.

कॉल लागतो, बोलणं होतं आणि ३२ सेकंदांच्या सुमारास तुटतो, ही वेगळी खूण आहे. कॉल उचलल्याची पोच परत पोहोचलेली नसते, म्हणून उचलणारी बाजू वाट पाहून कॉल सोडून देते. इथेही नॅटच तपासा.

नंबर एकाच साच्यात आणा

खरी मेहनत इथे आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच टाळतात. एकाच ग्राहकाचा नंबर कुठे शून्य लावून, कुठे देशाचा कोड लावून, कुठे मध्ये डॅश टाकून, तर कुठे ‘ऑफिस’ असा शब्द जोडून लिहिलेला असतो. फोन सेवा मात्र तो तिच्या पद्धतीनंच पाठवते. दोन्हीकडे ई.१६४ हा एकच साचा वापरा: अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, पुढे नंबर, मध्ये जागा नाही, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ अंक. एक्स्टेंशनसाठी (ऑफिसमधला अंतर्गत नंबर) वेगळा रकाना ठेवा. लोकांना वाचायला सोपा नंबर जसा आहे तसाच राहू द्या आणि जुळवणीसाठी साफ केलेला नंबर दुसऱ्या, लपवलेल्या रकान्यात भरा.

यादी एक्सेलमधून आणत असाल तर नंबरचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर पुढची शून्यं उडतात, लांब नंबरांचं रूप बदलतं आणि ते लक्षात येईपर्यंत यादी सीआरएममध्ये जाऊन बसलेली असते.

एका नंबराला दोन खाती जुळली तर पहिलं खातं बिनदिक्कत उघडू नका, दोन्ही दाखवा. नंबर लपवून आलेल्या कॉलचं नवं खातं बनवू देऊ नका. नाहीतर ‘अनामिक’ नावाच्या एका ग्राहकाच्या नावावर शेकडो कॉल साठतात. तीन-चार अंकी अंतर्गत कॉलही नोंदीतून वगळा.

नोंदी का चुकतात

फोन सेवा प्रत्येक घटनेला वेबहुक, म्हणजे सीआरएमकडे आपोआप जाणारा संदेश, पाठवते: घंटा वाजली, उचलला, ठेवला. स्क्रीन घंटेवर उघडा, नोंद कॉल ठेवल्यावर पूर्ण करा. पाच जणांच्या रिंग ग्रुपवर (सगळ्यांचे फोन वाजवणारा गट) कॉल आला तर पाच वेगळे भाग तयार होतात. एकानं उचलला तरी उरलेले चार ‘मिस्ड’ म्हणून नोंदले जातात. कॉल दुसऱ्याकडे वळवला की आणखी भाग वाढतात. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये प्रत्येक भागाचा ‘युनिकआयडी’ वेगळा असतो, पण ‘लिंक्डआयडी’ त्यांना एकत्र बांधतो. नोंद लिंक्डआयडीवर ठेवा आणि प्रत्येक घटनेला नवी ओळ न घालता तीच ओळ अद्ययावत करा. तोच वेबहुक दोनदा आला तरी मग बिघडत नाही, आणि तो दोनदा येतोच. वेबहुकला लगेच २०० (म्हणजे ‘मिळालं’) असं उत्तर द्या, बाकीचं काम रांगेत टाका. उत्तराला उशीर झाला की बऱ्याच सेवा तोच संदेश पुन्हा पाठवतात.

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) साठवा. बोलण्याचा कालावधी मोजताना ‘ड्युरेशन’ घेऊ नका, त्यात घंटेचा वेळही धरलेला असतो, ‘बिलसेक’ (उचलल्यापासूनचे सेकंद) घ्या. त्यातही एक मेख आहे: ‘विक्रीसाठी एक दाबा’ सांगणारा आयव्हीआर कॉल ‘उचलतो’, त्यामुळे कुणी माणूस न बोलताही कॉल उचललेला दिसतो. माणसानं उचलला का, हे त्याच्या एक्स्टेंशनच्या भागावरून ठरवा.

क्लिक करून फोन लावताना आधी कर्मचाऱ्याचा फोन वाजतो, तो उचलल्यावर ग्राहकाला लागतो. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘कुणाचा तरी मिस्ड कॉल येतो’ अशा तक्रारी सुरू होतात. स्क्रीन एकाच माणसाला उघडत नसेल तर त्यानं टेबल बदललं आणि एक्स्टेंशन जुनंच राहिलं, असं बहुधा निघतं.

दारं बंद ठेवा

अ‍ॅस्टेरिस्कचा व्यवस्थापन पोर्ट ५०३८ इंटरनेटवर कधीही उघडू नका. सीआरएमसाठी मोजक्या हक्कांचा वेगळा वापरकर्ता बनवा. कच्चा पासवर्ड सापडला की चोर रात्री महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लावतात, म्हणून न लागणारे देश बंद करा आणि सेवेकडून रोजची खर्चमर्यादा लावून घ्या. रेकॉर्डिंगची फाइल सीआरएममध्ये न ठेवता दुवा ठेवा: ८ किलोहर्ट्झ, १६ बिटची वेव्ह फाइल मिनिटाला जवळपास १ एमबी जागा घेते. रेकॉर्डिंगची पूर्वसूचना आणि संमती यांचे स्थानिक नियम पाळा, आणि ग्राहक कार्डाचा नंबर सांगत असताना रेकॉर्डिंग थांबवण्याची सोय ठेवा.

शेवटची चाचणी सीआरएम मुद्दाम बंद ठेवून करा. कॉल कुणाकडे पाठवायचा हे सीआरएमला विचारून ठरत असेल, तर त्या प्रश्नाला दोन सेकंदांची मर्यादा घाला आणि उत्तर आलं नाही तर कॉल नेहमीच्या रिंग ग्रुपवर जाऊ द्या.