उसात रुतलेला पॅटन: 1:35 डायोरामा बनवायचा कसा, आणि ठेवायचा की मोडायचा

रणगाड्याच्या पहिल्या डायोरामासाठी, म्हणजे छोट्या प्रतिकृतींतून उभ्या केलेल्या प्रसंगासाठी, असल उत्तरच्या लढाईसारखा विषय नाही. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडलं आणि उंच उसाच्या आडोशाने सेंच्युरियन व शेरमन रणगाडे आणि जीपवरच्या 106 मिमी रिकॉइललेस तोफा दबा धरून बसल्या. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. एक रणगाडा, थोडा ऊस आणि बोटभर पाणी एवढ्यात प्रसंग उभा राहतो. घरं नकोत, भिंती नकोत, वीस सैनिकही नकोत.

आधी कपाट मोजा

काम संपल्यावर हे राहणार कुठे, याचा विचार फळी कापण्याआधी करायचा. 1:35 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या आकारात, एम-47 या पॅटनचा सांगाडा (बुरूज आणि तोफ सोडून खालचा भाग) साधारण 18 सेमी लांब आणि 10 सेमी रुंद भरतो. त्याला 30 × 22 सेमीची फळी बरोबर होते. ऊस आणि झाकण धरून आतली उंची 18 सेमी लागते. एवढा कप्पा नसेल तर सरळ 1:72 घ्या; मोठा करून माळ्यावर टाकण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे, रणगाडा कधीही सुटा करता यावा असाच बसवा. चिकटवलेला रणगाडा जमिनीसकट ठेवावा लागतो किंवा जमिनीसकट टाकावा लागतो.

किट निवडताना

पाकिस्तानकडे तेव्हा एम-47 आणि एम-48 हे दोन्ही होते. दुकानात सहज मिळणारा एम-48ए3 मात्र डिझेल इंजिनाचा, म्हणून मागच्या इंजिन-झाकणाची रचना वेगळी. 1965 साठी तो चालत नाही. एम-47 ओळखायची खूण सोपी: सांगाड्याच्या पुढच्या भागात मशीनगन असते, एम-48 ला ती नसते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन जवळून पाहता येतो. आकार, वेल्डिंगचे सांधे, हुक तिथे बघून घ्या. रंगावर मात्र विसंबू नका, संग्रहालयातली वाहनं पुन्हा रंगवलेली असतात.

जमीन

1. 9 मिमी एमडीएफला (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) दोन्ही बाजूंनी आणि कडांना वार्निशचे दोन हात द्या. एकाच बाजूला दिलं तर ओला चिखल चढवल्यावर फळी धनुष्यासारखी वाकते.

2. वर 30 मिमी जाडीचा दाट फोम फेविकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. पॅकिंगचं थर्माकोल नको, कापताना त्याचे दाणे सुटतात. फोमवर स्प्रेचा रंग थेट मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं, म्हणून आधी फेविकॉलचा एक थर.

3. रणगाड्यासाठी खड्डा कोरा: मागच्या बाजूला 17 मिमी, पुढे 10 मिमी. 17 मिमी म्हणजे प्रत्यक्षात साठ सेंटिमीटर. सपाट जमिनीवर ठेवलेला रणगाडा रुतलेला दिसत नाही, पार्क केलेला दिसतो.

4. सांगाड्याच्या आत, पोटाच्या मधल्या रेषेवर 3 मिमीचे दोन नट एपॉक्सीने पक्के करा. त्यांच्या समोर फळीतून आरपार भोकं पाडा. खालून 45 मिमी लांबीचे बोल्ट वॉशरसकट येतील.

5. चिखलासाठी चहाच्या गाळणीतून चाळलेली माती तीन भाग, फेविकॉल एक भाग, तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग आणि पुरेसं पाणी. घट्ट पिठल्याइतका दाटपणा हवा. माती आधी जुन्या तव्यावर दहा मिनिटं भाजा. न भाजलेल्या मातीला पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. थर 3 मिमीपेक्षा जाड झाला की वाळताना भेगा पडतात. पूर आलेल्या शेतात भेगा शोभत नाहीत.

6. रणगाड्याचा खालचा भाग क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून ओल्या चिखलात दाबा आणि तासाभराने उचला. पट्ट्यांचे ठसे उमटतात, पण चिखल चिकटत नाही. मागच्या चाकोऱ्या किटमधल्या उरलेल्या पट्टीच्या तुकड्याने उठवा.

ऊस

सगळा जीव इथे आहे, वेळही इथेच जातो. अडीच ते तीन मीटरचा ऊस 1:35 मध्ये 7 ते 8.5 सेमी होतो. कांडी 0.8 मिमी जाड हवी, आणि तेवढाच जाड असतो खराट्याच्या हिराचा टोकाकडचा भाग. पोपटी-पिवळा रंग देऊन दर 3-4 मिमीवर पातळ ब्रशने फिकट पेर काढा. पानं साध्या छपाईच्या कागदाची: 4 सेमी लांब, सव्वा मिमी रुंद, टोकाला निमुळती. कागद दोन्ही बाजूंनी आधी रंगवून मग कापा, नाहीतर कडा पांढऱ्या राहतात. प्रत्येक पानाला मधोमध नखाने घडी मारली की ते आपोआप कमानीसारखं झुकतं. साठ ऊस आणि प्रत्येकाला सहा पानं म्हणजे 360 तुकडे. दोन-तीन संध्याकाळी धरून चाला.

रणगाडा आला त्या वाटेवरचा ऊस आडवा आणि मोडलेला हवा, टोकं पुढे झुकलेली. आणि तुरा लावू नका. सप्टेंबरात उसाला तुरा नसतो, आपल्याकडचा बघणारा ते पहिल्या नजरेत पकडेल.

पाणी

दीडशे चौरस सेमी भागात 2 मिमी पाण्याला 30 मिली एपॉक्सी रेझिन पुरतं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं, आणि ते वजनाने की मापाने हेही वाचून घ्या. गल्लत झाली तर ते कायम चिकट राहतं. मातकट रंगाचा एकच थेंब टाका. एका वेळी 2 मिमीपेक्षा जास्त ओतलं तर फोम वितळण्याइतकं तापू शकतं. भर पावसाळ्यात ओतू नका, दमट हवेने वर धुरकट थर येतो. कडेला चिकटपट्टीचा बांध घाला आणि खड्ड्याच्या काठाला आधी फेविकॉल भरा. नाहीतर बोल्टच्या भोकातून गळालेलं रेझिन टेबलावर सापडतं.

रणगाडा रंगवून शेवटी बोल्टने आवळा. उरलेली फट ओल्या चिखलाने बुजवा. खालच्या चाकांवर चकचकीत, ओला चिखल आणि वर वाळलेला, मॅट, असा फरक ठेवा.

ठेवायचा का?

निकाल त्याच दिवशी लावू नका. एक महिना रोजच्या नजरेच्या जागी ठेवा, 3 मिमी अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाखाली. झाकण नसेल तर प्रश्नच मिटला: कागदी पानांवर बसलेली धूळ ब्रशने निघत नाही, पानं निघतात. रेझिन उन्हात पिवळं पडतं, म्हणून खिडकीसमोर नको.

महिन्यानंतर त्यातली चूक खटकत असेल आणि ती दुरुस्त करता येत असेल, तर ठेवा. पाहुणा आल्याशिवाय तिकडे लक्षच जात नसेल, तर चारही बाजूंनी आणि डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढा आणि मोडा. शाळेला किंवा वाचनालयाला द्यायचा असेल तर झाकण आणि प्रसंग सांगणारी पाटी लावूनच द्या. उघडा दिलात तर सहा महिन्यांत तोफेची नळी गेलेली असेल.

मोडताना बोल्ट काढा, पट्ट्यांभोवतीच्या फटीवर ओला कापूस अर्धा तास ठेवा, पातळ पात्याने रेघ मारा आणि रणगाडा मागच्या बाजूने उचला. चांगले ऊस मुळाशी कापून डब्यात ठेवा, पुढच्या कामाला येतात. एमडीएफ घासून परत वापरता येतो. फोम आणि रेझिन सुक्या कचऱ्यात द्या. जाळू मात्र नका, धूर विषारी असतो.