छोट्या रीफ टँकचा आकार निवडताना या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. माझा पहिला असा टँक षटकोनी होता. २ फूट उंच आणि दिसायला फार देखणा. "कोपऱ्यात मस्त बसेल," असं दुकानदार म्हणाला आणि मी तो कोथरूडच्या घरी आणला. मे महिन्यात एका रात्री वीज गेली. दोन तासांत दोन्ही क्लाउनफिश अगदी वर येऊन तोंड उघडून धापा टाकायला लागले. वीज येईपर्यंत मी मगने पाणी उचलून उंचावरून परत ओतत बसले होते. मासे वाचले. पण टँक विकत घेताना मी नेमकं काय बघायला विसरले, ते त्या रात्री समजलं.

लिटर मोजले, पृष्ठभाग मोजला नाही

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ३०×३० सेंटीमीटर तळाची आणि ६० सेंटीमीटर उंचीची टाकी घ्या. तीच आडवी केली तर ६०×३० चा तळ आणि ३० उंची. पाणी दोन्हींत ५४ लिटरच. पण उभ्या टाकीत हवेला लागून असलेलं पाणी ९०० चौरस सेंटीमीटर, आडवीत १८००. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो याच पृष्ठभागातून, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तोही इथूनच. पंप चालू असतो तोवर पाणी ढवळलं जातं, म्हणून फरक जाणवत नाही. पंप बंद पडला की जाणवतो.

खाऱ्या पाण्यात हे जास्त बोचतं. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्याकडे त्याहून थोडा कमीच. पाणी तापलं की आणखी कमी.

उंच टँक आधीच घेऊन झाला असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. वेव्हमेकरचं (लाटा करणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं वर करा, म्हणजे पृष्ठभागावर सतत लाटा दिसतील. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. मासे कमी ठेवा. तेवढ्या पाण्यात जितके चालतील असं वाटतं, त्याच्या निम्मे. खडकाच्या वरच्या अर्ध्या भागात प्रवाळ लावा, कारण खाली जाता जाता उजेड मंदावतो आणि तळाशी पुरेसा उजेड द्यायचा तर जास्त ताकदीचा, महाग दिवा घ्यावा लागतो.

हात तळाला पोचतो का?

टँक बघायला जाताना मेजरिंग टेप न्या. बोटांच्या टोकापासून काखेपर्यंत हात मोजा. माझा ६४ सेंटीमीटर भरतो. आता ६० सेंटीमीटर उंचीच्या टाकीत वाळूवर पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलायचा तर काखेपर्यंत बुडायला हवं, वर दिव्याला डोकं लागणार ते वेगळं. ज्या कोपऱ्यात हात जात नाही तिथे घाण साचते, आणि साचलेल्या घाणीवर हिरवं शेवाळ येतं. छोट्या टँकला ४० ते ४५ सेंटीमीटर उंची भरपूर झाली.

गोल आणि बाकदार काचा

गोल टाकीत मासे एका बाजूने मोठे दिसतात, दुसऱ्या बाजूने वाकडे. ते एक वेळ चालेल. पण काचेवर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ धरतं, ते सरळ पात्याने खरवडावं लागतं. आतून बाकदार काचेवर पातं फक्त दोन टोकांवर टेकतं, मधला पट्टा तसाच राहतो, आणि जोर लावला तर त्या टोकांचे ओरखडे उठतात. ॲक्रिलिक असेल तर चुंबकाच्या घासणीत अडकलेला वाळूचा एक कणही कायमची रेघ ओढतो. कडेला अडकवायचे दिवे आणि फिल्टरही सरळ काचेसाठीच बनवलेले असतात.

षटकोनात कोपरे सहा. पाण्याचा झोत एका बाजूला लागला की निदान दोन कोपरे सुस्त राहतात. एका मोठ्या पंपाऐवजी समोरासमोर दोन लहान लावले तर बरंच निभावतं.

लांबीकडे लक्ष, रुंदीकडे दुर्लक्ष

९० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद टाकी भिंतीला टेकून छान दिसते. पण खडक रचायला गेलात की तो मागच्या काचेला टेकतो. मागे पाणी फिरत नाही, घासणी जात नाही. खडक आणि काच यांच्यात चारी बाजूंनी ५-७ सेंटीमीटर मोकळे हवेत, म्हणून मी पुढून मागे ४५ सेंटीमीटर मागते. शिवाय ९० लांबीला बहुधा दोन दिवे लागतात, ६०×४५ ला एक चांगला दिवा पुरतो. मागे फिल्टरचा कप्पा असलेला तयार टँक घेत असाल तर तो कप्पा वजा करून उरलेली रुंदी मोजा.

पसरट टाकीचा एक त्रास मात्र आहे, तो लपवत नाही. तिच्यातून वाफ होऊन पाणी जास्त उडतं. ६०×४५ मध्ये पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे २.७ लिटर गेलं. मीठ उडत नाही, त्यामुळे १०० लिटरला पाण्याचा खारेपणा दर हजार भागांत ३५ वरून ३६ वर जातो. आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत वर पंखा लावला की पाणी छान गार राहतं, पण रोज भर घालावी लागते. ती साध्या आरओच्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. माझ्या जुन्या षटकोनात आता आरओचं पाणी साठवलेलं असतं. महापालिका एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते तेव्हा त्याचाच आधार.

वजन आणि जागा

६०×४५×४५ चा टँक पाणी, वाळू, खडक, काच आणि स्टँड धरून २०० किलोच्या घरात जातो. स्लॅबच्या इमारतीत भिंतीलगत चालतं. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तुळया असतील तर टँक तुळयांना आडवा, भिंतीजवळ ठेवा, आणि आधी जाणकाराला दाखवा. काचेची जाडी उंचीवर ठरते, कारण दाब खोलीबरोबर वाढतो. बनवून घेताना उंची ५ सेंटीमीटर वाढवलीत तर जाडीचा प्रश्न पुन्हा विचारा.

आणि आत काय ठेवायचं, ते आकाराच्या आधी ठरवा. भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. समुद्रघोड्यांसाठी उंच टाकी घ्या, असं कुणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा. खडकही समुद्रातून काढलेला नको, सिरॅमिकचा घ्या. सच्छिद्र असतो, पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू त्यावर छान बसतात. टँक रिकामा असताना हा खडक एकदा कोरडाच रचून बघा, आणि घासणी चारी बाजूंनी फिरवून बघा.