काळ्या दगडाचा घाट, काळ्या रंगाविना

जलरंगात नाशिकचा गोदाघाट करायचा असेल तर आधी सूर्य कुठे आहे ते बघा, देऊळ नंतर. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेच्या काठाला पडते. सकाळी गावाच्या बाजूने पाहिलं तर नारोशंकराच्या देवळामागून उजेड येतो, नुसता आकार उरतो. संध्याकाळी तेच देऊळ अंगावर ऊन घेतं आणि कोरीवकाम दिसायला लागतं. नवशिक्याने सकाळच धरावी. कोरीवकाम दिसलं की हात आवरत नाही.

कागद जाड, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत. ब्रश दोन पुरे: १२ नंबरचा राउंड (गोल) आणि एक इंची फ्लॅट (चपटा). पाणी घरून न्या आणि ब्रश धुतलेलं पाणी बाटलीत भरून परत आणा, कुंडात ओतू नका. रेखाटन मोजकंच. पायऱ्या मोजत बसू नका. पाण्याची रेघ मात्र आडवी हवी, ती कलली की नदी सांडते.

आकाश आणि पाणी एकाच फिक्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, करून वाळू द्या. पांढरे सदरे, टोप्या, वाळत घातलेली धोतरं यांच्यापुरता कागद कोरा सोडायचा. नंतर पांढरा रंग लावून तो उजेड येत नाही.

आता दगड. १७४७ सालचं हे देऊळ काळ्या पाषाणाचं, पण ट्यूबमधला काळा लावलात तर तिथे भोक पडल्यासारखं दिसेल. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना प्लेटमध्ये पूर्ण न घोटता कागदावरच मिसळू द्या. वर निळा जास्त, खाली सिएना जास्त, कारण घाटाच्या फरशीवरचा उजेड परतून भिंतीच्या पायथ्याशी पडतो. हे ओलं असतानाच प्रतिबिंब सरळ खाली ओढा. गडद वस्तूचं प्रतिबिंब जरा फिकं, उजळ वस्तूचं जरा गडद. आमची एलिमेंटरीची पोरं अख्खं देऊळ खिडक्यांसकट उलटं काढायची!

एप्रिल-मेमध्ये वॉश ब्रशच्या मागोमाग वाळतो. कागद मागूनही ओला करून घ्या. पावसाळ्यात वाळता वाळत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात त्या पात्रातल्या मूर्तीकडे, चढायला लागलं की मात्र बोर्ड गुंडाळून सरळ घर गाठा.

बुधवारी बाजार असतो, माणसं मिळतात. डोकं, धड, एक फटकारा. पावलं काढायची नाहीत. मागे गर्दी जमेल, कोणीतरी त्याच देवळासमोर उभं राहून विचारेल, "हे कुठलं देऊळ हो?" मान हलवा आणि हात चालू ठेवा, बोलत बसलात की वॉश वाळतो.